धातूंचे अब्जांशी कण आणि आरोग्य

तांबे, जस्त, चांदी, लोखंड, निकेल हे धातू मनुष्याच्या वापरात शतकानुशतके आहेत. कोणत्या धातूचे भांडे अन्नास चालते, कोणत्या भांड्यास कल्हई लागते, कोणता धातू पोटात गेला असता विषारी ठरतो, हे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाने साठत आले आणि पुढे रसायनशास्त्राने ते पक्के केले. या सर्व ज्ञानामागे एक गृहीत होते. ते असे की, धातू तोच असेल तर त्याचा गुणही तोच राहणार, मग तुकडा मोठा असो वा लहान. गेल्या तीस-पस्तीस वर्षांतील संशोधनाने या गृहीताला मर्यादा घातली आहे. कण एका ठरावीक आकाराहून लहान झाला की धातूचा रंग, त्याची रासायनिक क्रियाशीलता आणि सजीवांच्या शरीरातील त्याचे वर्तन ही तिन्ही बदलू लागतात.

हा आकार साधारणतः १०० नॅनोमीटर मानला जातो. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा एक अब्जांश. त्यावरूनच मराठीत ‘अब्जांश तंत्रज्ञान’ हा शब्द रूढ झाला. माणसाच्या केसाची जाडी सुमारे ८० हजार ते एक लाख नॅनोमीटर असते, रक्तातील तांबड्या पेशीचा व्यास सात ते आठ हजार, आणि ज्याने साऱ्या जगाला घरात बसविले त्या करोना विषाणूचा व्यास सुमारे १००. येथे ज्या कणांचा विचार करावयाचा आहे ते या विषाणूएवढे किंवा त्याहूनही लहान असतात.

असे कण आज कारखान्यांत व प्रयोगशाळांत हेतुपूर्वक तयार केले जातात आणि औषधे, जलशुद्धीकरण, रंग, सौंदर्यप्रसाधने, खते अशा अनेक क्षेत्रांत त्यांचा उपयोग होतो. त्यामुळे हा विषय मोठ्या शहरांचा व मोठ्या प्रयोगशाळांचा आहे, अशी समजूत होणे साहजिक आहे. वस्तुस्थिती तशी नाही. तालुक्याच्या गावी रस्त्याकडेला जे वेल्डिंगचे दुकान असते, तेथे हेच कण दररोज तयार होतात, आणि तेथील कारागीर ते कोणत्याही आडपडद्याविना श्वासावाटे आत घेत असतो.

आकार बदलला की काय बदलते?

एक सेंटीमीटर बाजूचा धातूचा भरीव ठोकळा घेतला, तर त्याच्या सहा पृष्ठांचे एकूण क्षेत्रफळ सहा चौरस सेंटीमीटर भरते. एखाद्या टपाल तिकिटाएवढे. हाच ठोकळा कापून १० नॅनोमीटर बाजूचे ठोकळे केले, तर वजनात तिळमात्र फरक पडत नाही. मात्र सर्व पृष्ठांचे एकत्रित क्षेत्रफळ ६०० चौरस मीटर होते. आपल्याकडील मोजमापात सांगावयाचे तर जवळजवळ सहा गुंठे. रासायनिक क्रिया घडते ती पृष्ठभागावर. म्हणजेच तेवढ्याच वजनाच्या धातूला शरीरातील द्रवांशी व पेशींशी संबंध जोडण्यासाठी तिकिटाऐवजी सहा गुंठ्यांचे क्षेत्र मिळते.

मायकेल फॅरडे या इंग्रज शास्त्रज्ञाने १८५७ साली सोन्याचे अतिसूक्ष्म कण द्रवात तरंगत ठेवून दाखविले, तेव्हा तो द्रव पिवळा नव्हे तर माणकासारखा लाल दिसला. आपल्या रसशास्त्रानेही कणाच्या सूक्ष्मतेचे महत्त्व ओळखलेले होते. भस्म सिद्ध झाले की नाही हे पाहण्यासाठी ते ‘रेखापूर्ण’ म्हणजे बोटांच्या रेषांत शिरून बसणारे, आणि ‘वारितर’ म्हणजे पाण्यावर तरंगणारे असावे, अशा कसोट्या सांगितल्या आहेत. सुवर्णभस्मासारख्या काही भस्मांत अब्जांशी आकाराचे कण असल्याचे आधुनिक उपकरणांनी दिसूनही आले आहे. यावरून भस्मे निर्धोक ठरतात असे नाही किंवा घातक ठरतात असेही नाही. शिसे, पारा यांसारखा धातू त्यात असेल तर तो कितीही बारीक केला तरी शिसे व पाराच राहतो. परंतु आकार हा पदार्थाच्या गुणाचा भाग आहे, हा विचार आपल्या परंपरेस अगदीच परका नाही, एवढे यावरून म्हणता येते.

आकाराचा विषारीपणाशी असलेला संबंध एका प्रयोगावरून चांगला समजतो. २००६ साली चीनमधील संशोधकांनी उंदरांना तांब्याची पूड तोंडावाटे देऊन तिचे परिणाम तपासले. पुडीतील कण सुमारे १७ मायक्रोमीटरचे, म्हणजे १७ हजार नॅनोमीटरचे असताना, निम्मे उंदीर दगावण्यास लागणारी मात्रा दर किलो वजनामागे ५,००० मिलिग्रॅमहून अधिक होती. म्हणजे ही पूड जवळजवळ निरुपद्रवी म्हणावी अशी. तीच पूड सुमारे २४ नॅनोमीटर कणांची असताना ही मात्रा ४१३ मिलिग्रॅमवर आली. पाण्यात सहज विरघळणाऱ्या तांब्याच्या क्षारासाठी ती ११० मिलिग्रॅम होती. कारण उघड आहे. जठरातील आम्लाला मोठा कण विरघळविण्यास वेळ लागतो, तोवर तो पुढे निघून जातो. अब्जांशी कण मात्र भराभर विरघळतो आणि तांब्याचे आयन मोठ्या प्रमाणात मोकळे होतात. या निष्कर्षाचा घरातील तांब्याच्या घागरीशी वा तांब्याशी काही संबंध नाही, हेही येथे सांगितले पाहिजे. अशा विषयांत अर्धवट माहिती फार लवकर अफवेचे रूप घेते.

शरीरातील प्रवास

धातूंचे हे कण शरीरात शिरण्याचे मुख्य द्वार म्हणजे श्वसनमार्ग. हवेतील मोठी धूळ नाकात व घशातच अडते. श्वासनलिकेच्या अस्तरावरील केसांसारखे तंतू मधल्या आकाराचे कण हळूहळू वर लोटतात आणि ते खोकल्यावाटे बाहेर पडतात. वीस नॅनोमीटरच्या आसपासचे कण मात्र थेट फुप्फुसांतील वायुकोशांपर्यंत पोहोचतात, आणि श्वासाबरोबर आत गेलेल्यांपैकी जवळजवळ निम्मे तेथेच साठतात. वायुकोशांत सफाईचे काम करणाऱ्या भक्षकपेशी असतात. मोठ्या कणांना त्या सहज गिळतात. पण इतके लहान कण त्यांच्या नजरेतून बऱ्याच प्रमाणात सुटतात.

सुटलेला कण पेशीच्या आत शिरू शकतो. पेशीच्या आतील काही पिशव्यांमध्ये आम्लता असते. तेथे जस्त, तांबे, निकेल, चांदी यांचे कण विरघळू लागतात व विषारी आयन पेशीच्या गाभ्याशीच मोकळे होतात. एरवी ज्या आयनांना पेशीच्या आवरणाने अडविले असते, ते कणाच्या रूपाने आवरणाच्या आत पोहोचतात. त्याबरोबरच कणाच्या पृष्ठभागावर ऑक्सिजनची अतिक्रियाशील रूपे निर्माण होतात. ती पेशीतील स्निग्ध द्रव्ये, प्रथिने व जनुकद्रव्य यांस इजा करतात आणि दाह सुरू होतो. कण न विरघळणारा असेल, जसे टायटॅनियम डायऑक्साइडचा, तर तो दीर्घकाळ तेथेच राहून हा दाह धुमसत ठेवू शकतो.

कण फुप्फुसांतच राहतात की पुढे जातात, याचे उत्तर स्कॉटलंडमधील एडिंबरो येथील संशोधकांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाने मिळाले. त्यांनी निरोगी स्वयंसेवकांना सोन्याचे अब्जांशी कण अल्प प्रमाणात हुंगविले. सोने निवडण्याचे कारण ते शरीरात सहसा क्रिया करीत नाही व एरवी रक्तात आढळत नाही, त्यामुळे माग काढणे सोपे. काही जणांच्या रक्तात ते पंधरा मिनिटांतच दिसले, सर्वसाधारणपणे चोवीस तासांत दिसले, आणि तीन महिन्यांनंतरही रक्तात व लघवीत त्याचा अंश सापडला. लहान कण अधिक प्रमाणात रक्तात उतरले. मेंदूला रक्त पुरविणाऱ्या मानेतील धमनीतील मेदाच्या थरांतही सोने पोहोचल्याचे काही शस्त्रक्रियाग्रस्त रुग्णांत दिसून आले. ज्या ठिकाणी हृदयविकार व पक्षाघात यांचे बीज असते, नेमक्या त्याच ठिकाणी हे कण जमतात, ही या अभ्यासातील खरी चिंतेची बाब होय.

दुसरी वाट नाकातून थेट मेंदूकडे जाते. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात उंदरांना मँगनीज ऑक्साइडचे सुमारे ३० नॅनोमीटरचे कण हुंगविण्यात आले. ज्या उंदरांची उजवी नाकपुडी बंद केली होती, त्यांच्या मेंदूच्या केवळ डाव्या बाजूच्या गंधकेंद्रात मँगनीज साठले. म्हणजे कण रक्तावाटे नव्हे, तर गंधाच्या मज्जातंतूवरून चढत गेले होते. २०१६ साली मेक्सिको सिटी व मँचेस्टर येथील मृत व्यक्तींच्या मेंदूंच्या नमुन्यांत लोहाच्या चुंबकीय ऑक्साइडचे गोलाकार अब्जांशी कण आढळले. शरीरात नैसर्गिकपणे बनणाऱ्या कणांना अणकुचीदार स्फटिकाचा आकार असतो. गोल कण उच्च तापमानात, म्हणजे इंजिनांत व भट्ट्यांत, तयार झालेले असावेत, असा संशोधकांचा निष्कर्ष होता. कण सापडला म्हणजे त्यामुळे रोग झाला, असे मात्र सिद्ध होत नाही. शास्त्रज्ञांनीही तसे म्हटलेले नाही.

दोन कामगारांच्या नोंदी

प्राण्यांवरील प्रयोग एकीकडे ठेवले तरी वैद्यकीय नियतकालिकांत नोंदविलेल्या दोन घटना विचार करावयास लावणाऱ्या आहेत. दोन्ही निकेलच्या आहेत.

पहिली घटना २०१० साली प्रसिद्ध झाली. विद्युत्‌प्रस्फुरणाने निकेल वितळवून यंत्राच्या भागांवर त्याचा फवारा मारण्याचे काम करणारा, पूर्वी निरोगी असलेला ३८ वर्षांचा कामगार त्या कामानंतर तेरा दिवसांनी मरण पावला. त्याची फुप्फुसे तीव्र रीतीने निकामी झाली होती, मूत्रपिंडांनाही इजा झाली होती, आणि फुप्फुसांतील भक्षकपेशींत २५ नॅनोमीटरहून लहान निकेलचे कण आढळले.

दुसरी घटना २०१४ सालची असून ती वरकरणी किरकोळ वाटते. एक २६ वर्षांची रसायनशास्त्रज्ञ प्रयोगशाळेतील उघड्या मेजावर निकेलची अब्जांशी पूड एक-दोन ग्रॅम इतकी मोजून घेत असे. श्वसनासाठी विशेष संरक्षण नव्हते. काही दिवसांत तिला घशात खवखव, नाक चोंदणे, चेहरा लाल होणे असा त्रास सुरू झाला. याखेरीज, जी कर्णभूषणे व कमरपट्ट्याचे बक्कल ती पूर्वी विनातक्रार वापरीत असे, त्यांच्या स्पर्शानेही तिच्या त्वचेवर पुरळ उठू लागले. निकेलची अधिहर्षता तिच्या शरीरात निर्माण झाली होती. निकेल ही नवी वस्तू नव्हती व मात्राही चमचाभरच होती. पण पूड इतकी हलकी की मोजताना उडत होती, आणि ती उडते आहे हे डोळ्यांना दिसत नव्हते.

वेल्डिंगचा गाळा

आता आपल्या गावाकडे वळू. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा किंवा पाइप, ज्यास बाजारात जी. आय. म्हणतात, जोडताना काय होते ते पाहावे. पोलाद वितळते सुमारे १,५०० अंश सेल्सियसला. जस्ताची वाफ होते ९०७ अंशांनाच. त्यामुळे पोलाद वितळण्यापूर्वीच मुलाम्यातील जस्त वाफ होऊन वर उठते, हवेतील ऑक्सिजनशी संयोग पावते आणि थंड होताना झिंक ऑक्साइडचे अब्जांशी कण तयार होतात. ते साखळ्यांसारखे एकमेकांस चिकटतात व पांढुरक्या धुराच्या रूपाने आपणास दिसतात. अब्जांश तंत्रज्ञानाच्या कारखान्यांतही कण तयार करण्याची एक पद्धत नेमकी हीच आहे: वाफ करणे व एकदम थंड करणे.

हा धूर अधिक प्रमाणात घेतल्यानंतर चार ते दहा तासांनी, म्हणजे बहुधा घरी गेल्यावर रात्री, कारागिराला थंडी वाजून ताप भरतो. तोंडाला धातूची चव येते, अंग मोडून येते, कोरडा खोकला येतो. एक-दोन दिवसांत सारे ओसरते. पितळ ओतणाऱ्या कारागिरांना हा ताप फार पूर्वीपासून परिचित आहे. वैद्यकात त्यास ‘धातुधूम्र ज्वर’ म्हणता येईल. आठवडाभर रोज धूर घेतला की शरीर काहीसे सरावते, सुटीत तो सराव मोडतो, आणि कामाच्या पहिल्याच दिवशी पुन्हा ताप येतो. म्हणून पाश्चात्त्य देशांत त्यास ‘सोमवारचा ताप’ असेही नाव पडले. आपल्याकडे पावसाळ्यात असा रुग्ण आला तर हिवताप वा साधा फ्लू समजून औषध दिले जाण्याचा संभव मोठा. प्राथमिक आरोग्य केंद्रात रुग्णाला ‘काम काय करता?’ हा एक प्रश्न विचारला गेला तर निदान सोपे होईल.

जस्ताचा ताप स्वतः प्राणघातक नाही, आणि त्यामुळेच तो फसवा आहे. कारण कॅडमियमच्या धुराची सुरुवात हुबेहूब अशीच होते, परंतु त्याचा शेवट फुप्फुसांच्या तीव्र दाहाने मृत्यूत होऊ शकतो. कॅडमियमची वाफ तर ७६७ अंशांनाच होते. सराफबाजारात ‘केडीएम’ हा शब्द सर्वांच्या परिचयाचा आहे; दागिन्यांच्या झाळकामातील कॅडमियमवरूनच तो आला. दागिना घालणाऱ्याला या कॅडमियमपासून विशेष अपाय नाही. अपाय आहे तो फुंकणी घेऊन बंद खोलीत झाळ देणाऱ्या कारागिराला. ग्राहकाला शुद्धतेची खात्री पटविणाऱ्या या नावामागे कारागिराच्या फुप्फुसांचा विचार कुणी केला नाही, असे म्हणणे भाग आहे.

स्टेनलेस स्टीलच्या धुरात निकेल व क्रोमियम असते, साध्या पोलादाच्या धुरात लोह व मँगनीज. दीर्घकाळ अधिक प्रमाणात गेलेल्या मँगनीजने कंपवातासारखी लक्षणे उत्पन्न होतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ साली वेल्डिंगच्या धुराचे वर्गीकरण ‘मनुष्यात कर्करोग उत्पन्न करणारा’ अशा पहिल्या गटात केले. तंबाखूचा धूर व ॲस्बेस्टॉस याच गटात आहेत. गट एक असला म्हणजे धोक्याचे प्रमाणही एकच, असा त्याचा अर्थ नव्हे. पुराव्याची खात्री सारखी आहे, एवढाच अर्थ. वेल्डरांना फुप्फुसदाहाचा संसर्ग अधिक होतो असेही आढळल्यामुळे ब्रिटनच्या लसीकरणविषयक मार्गदर्शनात अशा कामगारांचा न्यूमोकोकल लसीच्या संदर्भात उल्लेख आहे.

संरक्षणाबाबत एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. कण जितका लहान तितका तो मुखपट्टीतून सहज निसटेल, असे कोणासही वाटेल. प्रत्यक्षात अतिसूक्ष्म कण हवेच्या रेणूंचे धक्के खात सरळ न जाता सैरावैरा हिंडतो व गाळणीच्या तंतूंवर आदळून चिकटतो. त्यामुळे एन-९५ वा एफएफपी-२ प्रतीची मुखपट्टी अब्जांशी कणही चांगल्या रीतीने अडविते, असे चाचण्यांत दिसून आले आहे. गळती होते ती कापडातून नव्हे, तर गालाशी व नाकाशी राहिलेल्या फटीतून. तोंडाला बांधलेला रुमाल वा उपरणे मात्र या कामी जवळजवळ निरुपयोगी आहे. आणि हातात धरावयाची काळी काच डोळ्यांचे रक्षण करते, श्वासाचे नव्हे. जोडाच्या जागेवरील जस्ताचा थर आधी घासून काढणे, काम उघड्यावर किंवा आडव्या वाऱ्यात करणे, धुराच्या लोटावर डोके न वाकविणे, आणि शक्य तेथे धूर उगमापाशीच खेचून घेणारा पंखा लावणे, हे उपाय मुखपट्टीच्याही आधीचे आहेत. दूध प्याल्याने वा गूळ खाल्ल्याने धूर धुऊन निघतो अशी समजूत कारागिरांत आहे. दूध-गूळ जरूर घ्यावा, पण वायुकोशांत बसलेला कण त्याने निघत नाही.

वजनाचा काटा अपुरा

येथवरच्या विवेचनावरून ध्यानात येईल की, या कणांच्या बाबतीत किती मिलिग्रॅम हा प्रश्न पुरेसा नाही. परंतु आपली बहुतेक बंधने वजनावरच उभी आहेत. १९४८ च्या कारखाना अधिनियमाच्या दुसऱ्या अनुसूचीने वेल्डिंगच्या धुरासाठी घनमीटर हवेमागे ५ मिलिग्रॅम ही मर्यादा घातली. कणाच्या आकाराचा प्रश्न त्या काळी उद्भवलाच नव्हता. दोन-तीन माणसांच्या गाळ्याला तर कारखान्याची व्याख्याच लागू होत नाही. २००९ च्या राष्ट्रीय मानकांनुसार २.५ मायक्रोमीटरहून लहान कणांसाठी चोवीस तासांची मर्यादा घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅम आहे, तीही वजनाची. २.५ मायक्रोमीटरच्या एका कणाच्या वजनात ५० नॅनोमीटरचे सव्वा लाख कण बसतात. काट्यावर दोहोंची नोंद सारखीच पडेल.

अमेरिकेच्या राष्ट्रीय व्यवसाय-सुरक्षा व आरोग्य संस्थेने यावर एक मार्ग काढला. टायटॅनियम डायऑक्साइडसाठी तिने २०११ साली दोन वेगळ्या मर्यादा सुचविल्या: साध्या बारीक पुडीसाठी घनमीटरमागे २.४ मिलिग्रॅम, आणि त्याच पदार्थाच्या अब्जांशी कणांसाठी ०.३ मिलिग्रॅम, म्हणजे आठपट कडक. चांदीच्या बाबतीत २०२१ साली तिने एकूण चांदीसाठी १० मायक्रोग्रॅम ही मर्यादा कायम ठेवून १०० नॅनोमीटर व त्याखालील कणांसाठी ०.९ मायक्रोग्रॅम सुचविले. एकाच धातूसाठी आकारानुसार दोन मर्यादा, हे तत्त्व यात मान्य झाले. या शिफारशी आहेत, कायदा नव्हे. पण आपल्याकडेही नियम नव्याने लिहिताना तेच तत्त्व स्वीकारले पाहिजे, असे वाटते.

घरात व बाजारात

चांदीचे अब्जांशी कण जंतूंना मारतात. या गुणाचा उपयोग करून पुण्यातील संशोधनाच्या आधारे भाताच्या तुसाची राख व अब्जांशी चांदी वापरणारे स्वस्त जलशुद्धी-यंत्र २००९ साली बाजारात आले. विजेची व नळाची गरज नसलेले. मद्रासच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत प्रा. थलप्पिल प्रदीप यांनी पाण्यातील कीटकनाशके व आर्सेनिक काढणाऱ्या गाळण्या विकसित केल्या. दूषित पाण्याने होणारे मृत्यू लक्षात घेता या कामाचे मोल कमी लेखता येणार नाही. कण गाळणीच्या पदार्थाला घट्ट बांधलेले असले आणि पाण्यात उतरणारी चांदी भारतीय मानकातील लिटरमागे ०.१ मिलिग्रॅम या मर्यादेत राहिली, तर त्यात भय नाही. मात्र सर्व रोगांवर गुणकारी म्हणून चांदीचे ‘कोलायडल’ द्रव पिण्यास सांगितले जातात, त्यांपासून दूर राहावे. अशा चांदीने त्वचा कायमची निळसर-राखाडी होते व तो रंग पुन्हा जात नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९९ सालीच अशी द्रव्ये औषध म्हणून सुरक्षित व परिणामकारक मानता येत नाहीत असे जाहीर केले.

उन्हापासून संरक्षण देणाऱ्या मलमांतील झिंक ऑक्साइड व टायटॅनियम डायऑक्साइड हे निरोगी त्वचेतून फारसे आत जात नाहीत. युरोपीय नियमांनी मलमास परवानगी दिली, पण फुप्फुसांत जाईल अशा फवाऱ्यात याच कणांचा वापर वर्ज्य केला. पदार्थ तोच, वाट निराळी, म्हणून निर्णयही निराळा. खाद्यपदार्थांना शुभ्रता आणणाऱ्या टायटॅनियम डायऑक्साइडविषयी मात्र तज्ज्ञांत एकमत नाही. फ्रान्सने २०२० पासून व युरोपीय संघाने २०२२ मध्ये तो खाद्यपदार्थांतून वगळला, कारण जनुकद्रव्यास इजा होण्याची शक्यता नाकारता येत नाही असे तेथील संस्थेचे मत पडले. उलट जागतिक आरोग्य संघटना व अन्न-कृषी संघटनेच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने २०२३ साली त्याचा वापर चिंताजनक मानला नाही.

शेतात

राज्यातील अनेक जमिनींत जस्ताची कमतरता आढळते. जस्त व तांबे यांच्या अब्जांशी द्रवरूप खतांना केंद्र शासनाने २०२४ मध्ये मान्यता दिली. अशा कृषी-निविष्ठांचे परीक्षण कसे करावे याची मार्गदर्शक तत्त्वे केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २०२० साली प्रसिद्ध केली आहेत. पिकाला अल्प मात्रेत पुरवठा व्हावा, हा या खतांचा हेतू योग्य आहे. पण फवारणी करणाऱ्याच्या दृष्टीने ती साधी खते समजू नयेत. कीटकनाशक फवारताना जी काळजी घेण्याचा सल्ला कृषी सहायक देतात, तीच येथे लागू आहे: वाऱ्याच्या दिशेने तोंड करून फवारू नये, मुखपट्टी व हातमोजे वापरावेत, पंप विहिरीच्या काठावर धुऊ नये. पाण्यातील लहान जीव तांबे व चांदी यांच्या आयनांना फार लवकर बळी पडतात. सांडपाण्यात गेलेल्या चांदीचे बहुतांशी सल्फाइड बनून तिचा विषारीपणा पुष्कळ उतरतो, हा निसर्गाचा उपकारच. परंतु ती नाहीशी होत नाही, गाळात साठते, आणि गाळ खत म्हणून शेतात जातो.

स्थानिक पातळीवर करता येण्याजोगे

अब्जांशी पदार्थांच्या सुरक्षित हाताळणीसंबंधी केंद्र शासनाच्या ‘नॅनो मिशन’ने प्रयोगशाळा व उद्योगांसाठी मार्गदर्शिका तयार केली आहे, आणि लखनौ येथील भारतीय विषविज्ञान संशोधन संस्था या विषयावर काम करीत आहे. ते काम त्या त्या ठिकाणी चालू राहील. ग्रामपंचायतीला त्यासाठी थांबण्याचे कारण नाही. पाण्याच्या टाकीचा जिना, समाजमंदिराचे छप्पर, शाळेची खिडक्यांची जाळी ही कामे देताना निविदेच्या अटींत प्रमाणित मुखपट्टी व उघड्यावर वेल्डिंग या दोन ओळी घालता येतात. खर्च नगण्य आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील वेल्डिंगच्या निदेशकांनी डोळ्यांच्या रक्षणाइतकाच श्वासाच्या रक्षणावर भर द्यावा, कारण तेथे लागलेली सवय कारागीर पुढे तीस-चाळीस वर्षे वागवितो. शाळेत खिडक्यांची जाळी बसवावयाची असल्यास ते काम वर्ग भरलेले असताना करू नये, सुटीच्या दिवशी करावे, आणि नंतर वर्ग केरसुणीने न झाडता ओल्या फडक्याने पुसून घ्यावा.